टेकन ८: दर राउंडला तोच कॉम्बो खाताय? आधी हे तपासा

टेकन ८ या मारामारीच्या व्हिडिओ गेमबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते. "समोरचा एकदा उडवतो आणि मग मी खाली येतच नाही. निम्मी लाइफ जाते, मी बटणं बडवत राहतो, काही होत नाही. यातून सुटायचं कसं?"

सुटता येत नाही. टेकनमध्ये लाँचर (हवेत उडवणारा फटका) बसून तुम्ही हवेत गेलात आणि समोरच्याने पुढचा फटका चुकवला नाही, तर खाली येईपर्यंत तुमच्या हातात काही नसतं. कुठलंही बटण, कुठलाही गुप्त इनपुट तिथे चालत नाही. किलर इन्स्टिंक्टमध्ये १९९४ पासून 'कॉम्बो ब्रेकर', म्हणजे सलग बसणाऱ्या फटक्यांची मालिका मध्येच तोडण्याची सोय, आहे. गिल्टी गिअरमध्ये 'बर्स्ट' आहे, मॉर्टल कॉम्बॅटच्या अलीकडच्या भागांतही मार खाताना मध्येच तोडण्याची सोय आहे. ते खेळून टेकनकडे आलेले लोक तीच सोय इथे शोधत बसतात. टेकन ८ मध्ये 'हीट बर्स्ट' (हीट, म्हणजे थोड्या वेळाची जादा ताकद, चालू करणारा फटका) आला तेव्हा काहींना वाटलं, आला आपला ब्रेकर. पण मार बसत असताना हीट बर्स्ट लागत नाही. तो मोकळे असतानाच मारायचा असतो.

म्हणून "कॉम्बोत अडकल्यावर काय करू" हा प्रश्न बाजूला ठेवा. कॉम्बोमधले सात-आठ फटके हा परिणाम आहे. बिघाड त्याआधीच्या एका फटक्यात असतो, आणि बहुतेक वेळा त्या फटक्याला वाट तुम्हीच करून दिलेली असते. ती कशी, ते शोधायचं.

पहिली तपासणी: रिप्ले

टेकन ८ मध्ये 'माय रिप्ले अँड टिप्स' आहे आणि ते बहुतेक लोक उघडतही नाहीत. हरलेले चार-पाच सामने तिथे लावा. कॉम्बो बघू नका, तो पुढे ढकला. फक्त जिथे तुमचे पाय जमिनीवरून सुटले तिथे थांबा आणि एक-दोन सेकंद मागे या. तुम्ही त्या क्षणी काय करत होतात? बटण दाबत होतात, खाली बसला होतात, की तुमचाच मोठा फटका ब्लॉक झाला होता? कागदावर नुसती खूण करत जा. याच मोडमध्ये रिप्ले चालू असताना मध्येच ताबा घेऊन तोच प्रसंग स्वतः खेळून बघता येतो, मागे नेऊन पुन्हा पुन्हा.

चार-पाच सामन्यांत साधारण तीनच कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. सगळ्यात जास्त खुणा पहिल्या कारणापुढे पडतात, म्हणून त्यावरच जास्त बोलतो.

चाल त्याची असताना तुम्ही बटण दाबता

टेकन सेकंदाला ६० फ्रेम्सवर, म्हणजे ६० चित्रांवर, चालतो. प्रत्येक फटका सुरू होऊन लागेपर्यंत काही फ्रेम्स जातात आणि ब्लॉक झाला की दोघांपैकी एक जण आधी मोकळा होतो. जवळजवळ सगळ्या पात्रांचा साधा जॅब, म्हणजे प्लेस्टेशनवर चौकोन, १० फ्रेम्सचा असतो. उडवणारे नेहमीचे लाँचर १५ च्या आसपास.

आता हिशोब बघा. तुम्ही एक फटका मारला, तो ब्लॉक झाला आणि तुम्ही उणे ९ वर आहात. म्हणजे समोरचा तुमच्यापेक्षा ९ फ्रेम्स आधी मोकळा झाला. तुम्ही लगेच जॅब मारलात तरी तो त्याच्या घड्याळात १९ व्या फ्रेमला पोचणार. त्याचा १५ फ्रेम्सचा लाँचर तुमच्या जॅबच्या चार फ्रेम्स आधी तुमच्या हनुवटीवर. शिवाय तुम्ही फटका मारण्याच्या मध्यात असल्यामुळे तो 'काउंटर हिट' धरला जातो, आणि एरवी नुसते लागणारे कित्येक फटके काउंटर हिटवर उडवतात किंवा गुडघ्यावर आणतात. तुम्हाला वाटतं, "मी आधी दाबलं होतं!" दाबलं आधीच असेल. पोचलं नंतर.

काझुया या पात्राची 'इलेक्ट्रिक' ब्लॉक केल्यावर हेच उलट्या बाजूने होतं. तो ठोसा तुम्ही नीट अडवलात तरी काझुया ५ फ्रेम्सनी पुढे असतो. तुमचा जॅब म्हणजे १५, आणि त्याचा १४ पर्यंतचा कुठलाही फटका तुमच्या आधी. ब्लॉक करून लगेच हात चालवणारा खेळाडू काझुयासमोर दर राउंडला उडतो तो याच कारणाने. इलेक्ट्रिक हाय, म्हणजे डोक्याच्या उंचीवरची आहे, त्यामुळे नेमक्या वेळी खाली बसलात तर डोक्यावरून जाते आणि मग उडवायची पाळी तुमची. पण ते अंदाजाने करायचं काम आहे. निव्वळ बचाव करायचा असेल तर ब्लॉक केल्यावर एक ठोका थांबा, किंवा तुमच्या डावीकडे सरका. काझुयाविरुद्ध डावीकडचा साइडस्टेप हा जुना, वापरून सिद्ध झालेला उपाय आहे.

सगळ्या पात्रांचे आकडे पाठ करायची गरज नाही, निदान पहिल्या दोन-तीन महिन्यांत तरी नाही. स्वतःच्या पात्राच्या रोज वापरातल्या दहा-बारा मूव्हज घ्या आणि त्या ब्लॉक झाल्या तर चाल कोणाची, एवढंच माहीत करून घ्या. प्रॅक्टिस मोडमध्ये फ्रेम डेटा दाखवायचं सेटिंग चालू केलं की आकडा पडद्यावरच येतो. टेकन ७ मध्ये याच सोयीचे वेगळे पैसे मोजावे लागायचे. आता फुकट आहे, तर वापरा.

हात शिवशिवतात हे खरं दुखणं आहे आणि त्यावर माझ्या माहितीत एकच औषध आहे. मित्रासोबत किंवा कॉम्प्युटरसमोर एक अख्खा सामना असा खेळा की फक्त ब्लॉक करायचं, मागे सरकायचं, बाजूला व्हायचं. हल्ला करायचा नाही, अपवाद फक्त एका गोष्टीचा: समोरच्याचा मोठा फटका ब्लॉक झाला किंवा हुकला तरच जॅब. सामना हराल. पण समोरचा माणूस कुठे थांबतो, कुठली स्ट्रिंग (ठरलेल्या फटक्यांची साखळी) अर्धवट सोडतो, कुठला फटका त्याची सवय आहे, हे त्या एका सामन्यात जितकं दिसतं तितकं एरवी वीस सामन्यांत दिसत नाही.

सगळ्याच लांब स्ट्रिंग कॉम्बो नसतात

आपल्याकडे बऱ्याच जणांची सुरुवात टेकन ३ ने झाली. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशोबाने प्लेस्टेशन मिळायचं आणि 'टेन हिट कॉम्बो' पाठ असलेला पोरगा तिथला राजा असायचा. ती दहाच्या दहा बटणं सलग दाबली की समोरचा संपलाच, अशी समजूत तेव्हापासून डोक्यात बसली आहे. प्रत्यक्षात टेन हिट हा खरा कॉम्बो नाही. पहिला फटका लागला तरी पुढचे आपोआप लागत नाहीत. मध्ये फटी असतात, आणि कुठला फटका वर (हाय), कुठला मध्ये (मिड), कुठला खाली (लो) हे ठरलेलं असतं. समोरच्याला ते ठाऊक असेल तर मधला लो अडवून तोच उडवतो.

टेन हिट आता ऑनलाइन फारसं कोणी मारत नाही. पण तीन-चार फटक्यांच्या स्ट्रिंगना लोक अजून तसेच घाबरतात. फरक ओळखायचा सोपा मार्ग पडद्यावरच आहे: हिटची संख्या सलग वाढत गेली तर ते खरोखर जोडलेले फटके. संख्या मध्येच पुन्हा एकपासून सुरू झाली तर मध्ये फट होती आणि तुम्ही ती सोडलीत.

लॉ या पात्राचं उदाहरण घेऊ, कारण लॉ सगळीकडे भेटतो. त्याची 'जंकयार्ड' स्ट्रिंग मागे + त्रिकोण, मग क्रॉस, मग गोल अशी आहे. पहिला फटका मिड, दुसरा लो, तिसरा मिड. नवा खेळाडू पहिला ब्लॉक करतो, दुसरा पायावर खातो, मग घाबरून खाली बसतो आणि तिसरा तोंडावर घेतो. पुढच्या वेळी आधीच खाली बसतो आणि पहिलाच मिड खातो.

प्रॅक्टिस मोडमध्ये समोर लॉ ठेवा. डमीच्या रेकॉर्डिंगच्या एका जागेत पूर्ण स्ट्रिंग भरा. दुसऱ्या जागेत फक्त पहिला फटका आणि थोडं थांबून जॅब. तिसऱ्या जागेत नुसता थ्रो (पकडून फेकणं). तिन्ही रँडम लावा. मागचं बटण धरून, म्हणजे ब्लॉक करत, उभं राहायचं आणि पहिला फटका ढालीवर वाजला की लगेच खाली-पुढे असा तिरका इनपुट द्यायचा, म्हणजेच लो पॅरी. पाय पकडला गेला की लॉ झोल जातो आणि कॉम्बो तुमचा सुरू. सुरुवातीला हात उशिरा जाईल, कारण तुम्ही लो दिसायची वाट बघत असता. तो दिसेपर्यंत थांबायचं नाही, पहिल्या फटक्याच्या आवाजावर हात गेला पाहिजे. आणि रँडम लावल्यामुळे तुम्हाला हेही कळेल की स्ट्रिंग पुढे आलीच नाही तर तो तिरका इनपुट किती स्वस्तात सुटतो आणि किती महागात पडतो.

असं एका आठवड्यात एका पात्राच्या एकाच स्ट्रिंगचं करा. ज्याने तुम्हाला काल मारलं त्याचीच स्ट्रिंग घ्या. सगळ्या पात्रांचा अभ्यास एकदम करायला गेलात तर चार दिवसांत कंटाळाल.

लोच्या भीतीने खाली बसणं

दुसरी खूण बहुतेक इथे पडते. पायावर दोन-तीन छोट्या लाथा बसल्या की माणूस चिडतो आणि खाली बसून राहतो. समोरच्याला हेच हवं असतं. त्या छोट्या लाथांनी लाइफ चिमूटभर जाते. खाली बसलेल्यावर मिड लाँचर मारला की मूठभर जाते. मिड फटका बसलेल्याला सरळ लागतो, ब्लॉक होत नाही.

तेव्हा नेम असा: उभं राहा, छोट्या लाथा खाऊन घ्या. माणसाला डोळ्यांनी बघून हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम्स. १५ फ्रेम्सचा मिड बघून अडवणं जवळजवळ अशक्य, म्हणून तो उभं राहून आधीच अडवलेला असावा लागतो. झटपट लोसुद्धा बघून अडवता येत नाहीत. काझुयाचा 'हेलस्वीप' बघून अडवतो असं कोणी सांगितलं तर तो बहुधा अंदाज बरोबर आलेला असतो. पण ब्रायनच्या 'स्नेक एज'सारखे उडवणारे संथ लो निघून लागेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ घेतात. ते मात्र बघून अडवायलाच हवेत, तिथे सबब चालत नाही. ब्रायन अंग खाली टाकून फिरायला लागला की खाली ब्लॉक, आणि उठता उठता लाँचर. ही एक गोष्ट जमली की सवयीने स्नेक एज फेकत राहणारे निम्मे ब्रायन गप्प होतात.

लो अडवल्यावर नेमकं काय मारायचं हे आधी ठरवून ठेवा. बसलेल्या अवस्थेतून उठताना गोल बटणाची लाथ जवळजवळ सगळ्या पात्रांना आहे आणि ती ११ फ्रेम्सची आहे. काहीच आठवलं नाही तर ती मारा. मोठा लो अडवला असेल तर तुमच्या पात्राचा उठता उठता लागणारा लाँचर.

तुमचाच मोठा फटका तुम्हाला नडतो

तिसरी खूण. उडी मारून लाथ, म्हणजे 'हॉपकिक', ही नव्या खेळाडूची लाडकी. लागली तर उडवते, खालून येणाऱ्या लाथा चुकवते, दिसते छान. ब्लॉक झाली की बहुतेक पात्रांना उणे १३. म्हणजे समोरच्याचा १३ फ्रेम्सपर्यंतचा फटका हमखास लागणार, तुम्ही ब्लॉक धरून बसलात तरी. याहून वाईट म्हणजे लांबून मारलेली, हवेत फुकट गेलेली हॉपकिक. तिच्यावर समोरचा पुढे येऊन आरामात लाँचर टाकतो.

नीट जमिनीवर खेळणाऱ्या माणसाला उडवणं अवघड असतं. मोठ्या फटक्यांवर पोट भरणाऱ्याला सोपं. एखादा राउंड हॉपकिक आणि तुमची आवडती धोकादायक मूव्ह पूर्ण बंद ठेवून खेळून बघा. फक्त जॅब, एखादा सुरक्षित मिड, एखादा छोटा लो. किती वेळा उडालात ते मोजा.

प्रॅक्टिसमध्ये 'पनिशमेंट ट्रेनिंग' नावाचा भाग आहे. समोरचं पात्र त्याच्या पनिश होणाऱ्या (ब्लॉक झाल्यावर मार बसणाऱ्या) मूव्हज मारत राहतं आणि तुम्ही ब्लॉक करून उत्तर द्यायचं. तो भाग समोर आपलंच पात्र ठेवून एकदा करा. आपल्या कुठल्या मूव्हवर मार बसतो हे यादी वाचून जितकं लक्षात राहत नाही तितकं असं राहतं.

थ्रोचं थोडक्यात सांगतो. साधे थ्रो टेकन ८ मध्ये चौकोन किंवा त्रिकोण, कुठल्याही एका बटणाने तुटतात. किंगसारख्या पात्राचे खास थ्रो वेगळे. दोन्ही हात सारखेच पुढे पसरलेले दिसले तर दोन्ही बटणं एकदम. थ्रोच्या भीतीने सारखं बसायला लागलात तर वरच्या विभागात परत जाल.

उडालातच, तर मधल्या वेळात काय?

बटणं सोडा. हे अक्षरशः सांगतोय. हवेत असताना लाथांची बटणं बडवत राहिलात की जमिनीवर पडताक्षणी उठता उठता लाथ निघते. समोरचा तिचीच वाट बघत असतो, ब्लॉक करतो आणि दुसरा कॉम्बो सुरू. बऱ्याच जणांचे "एकाच कॉम्बोत मेलो" असे राउंड खरं तर दोन कॉम्बोंचे असतात. मधली लाथ त्यांनी स्वतः मारलेली असते.

त्या दोन-तीन सेकंदांत तीन गोष्टी बघा: भिंत किती जवळ आहे, समोरच्याचा हीट शिल्लक आहे का, तुमचा आहे का. मग उठायचा प्रकार ठरवा. जमिनीला टेकताना बटण दाबून लगेच बाजूला लोळून उठणं, पडून राहणं, तिथेच उभं राहणं, मागे लोळणं, यातलं सलग दोनदा तेच करू नका. मागे लोळत उठण्याची सवय सगळ्यात घातक, कारण लोळताना ब्लॉक नसतो आणि भिंत मागेच असते.

भिंतीला पाठ लागली असेल तर तिथून हल्ला करून सुटायचा मोह आवरा. बाजूला सरका. मागे जायला जागा नाही, त्यामुळे मागे सरकून सुटता येणार नाही. ज्याला कोरियन बॅकडॅश (झटपट मागे सरकत राहण्याची युक्ती) येतो तो इथपर्यंत पोचतच नाही, पण तो शिकायला वेळ लागतो आणि बचावाची सुरुवात त्याने करू नये असं माझं मत आहे. बोटं दुखतात, सामने तेवढेच हरतो.

समोरच्याचा हीट चालू असताना

समोरच्याने हीट चालू केला की ब्लॉक करूनही थोडी थोडी लाइफ झडते. लोक इथेच बिथरतात आणि हात चालवतात. ती झडलेली लाइफ पुढे तुम्ही फटके मारलेत की परत मिळवता येते. लाँचर खाल्ला तर जाते ती त्याच्या कितीतरी पट. हीट डॅश (हीट खर्चून पुढे झेपावणं) ब्लॉक केला तरी चाल त्याचीच राहते, त्यामुळे तिथे जॅब मारू नका. हीट एका राउंडला एकदाच मिळतो आणि तो संपतो. संपल्यावर तुमचा वापरायला काढा.

तुमची लाइफ कमी होऊन रेज आर्ट (तेव्हाच मिळणारा मोठा हल्ला) लागू झाली असेल तर ती घाबरून फेकू नका. तिला आर्मर आहे, हाय-मिड खाऊन ती पुढे जाते, पण नुसती ब्लॉक झाली की शिक्षा ठरलेली. पॉवर क्रश मूव्हजचंही तेच. त्या हाय आणि मिड सोसतात, लो आणि थ्रोपुढे मोडतात.

तपासणीत काहीच सापडलं नाही तर

टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू आहे का बघा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही काही फ्रेम्स उशिरा दाखवतो, आणि तुमच्याकडे मुळात पंधराच आहेत. ऑनलाइन सामन्याआधी समोरच्याचं कनेक्शन दिसतं. वाय-फायवरच्या खिळखिळ्या सामन्यात स्नेक एज अडवला नाही म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. स्वतःच्या बाजूने केबल लावा.

बघायचंच असेल कोणाचं, तर लाहोरच्या अर्सलान ॲशचे सामने बघा. २०१९ मध्ये त्याने आधी इव्हो जपान आणि मग लास व्हेगासमधली इव्हो, अशा फायटिंग गेम्सच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा तो टेकन ७ खेळत होता. त्याचे कॉम्बो बघू नका, ते सगळ्यांना येतात. समोरच्याचा फटका ब्लॉक झाल्यावर तो काय करतो आणि कधी काहीच करत नाही, तेवढं बघा.

राहिला एडी, कारण त्याच्याबद्दल विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. टेकन ३ पासून बटणं बडवणाऱ्यांचा तो आवडता, आणि टेकन ८ मध्ये २०२४ च्या एप्रिलपासून परत आला आहे. तो जमिनीवर लोळत असताना जॅब मारू नका, डोक्यावरून जातो. मिड मारा. आणि त्याच्या लाथांची साखळी चालू असताना मध्ये घुसायला जाऊ नका. उभं राहून ब्लॉक धरा, तो दमून उभा राहिला की मग.